आयकराचा परतावा : कापला गेलेला पैसा परत यायला किती दिवस लागतात?



गट ऑफिसात, सोसायटीच्या ओट्यावर आणि बँकेच्या खिडकीशी हल्ली एक प्रश्न वरचेवर कानी येतो. "ठेवीच्या व्याजातनं टॅक्स कापलाय म्हणं. तो परत मिळतोय, पण कवा?" पूर्वी हा प्रश्न फक्त नोकरदारांचा होता. शेतीचे उत्पन्न करमुक्त, तेव्हा आपला आणि इन्कमटॅक्सचा संबंध काय, असे ऊस उत्पादक म्हणत असे आणि ते खोटेही नव्हते. आता मात्र उसाच्या बिलातून चार पैसे शिल्लक टाकून ठेव ठेवणारा सभासद, ट्रॅक्टर-ट्रक लावणारा वाहतूकदार आणि कारखान्यातला कामगार, या तिघांचाही या खात्याशी संबंध येऊ लागला आहे. काहींचे पाच-सहा हजार, तर काहींचे त्याहून कितीतरी जास्त सरकारकडे पडून राहतात. मागायचे कसे आणि थांबायचे किती, हे ठाऊक नसते म्हणून ते तसेच राहतात. तरी या विषयाची माहिती एका ठिकाणी द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला पैसा सरकारजमा होतो कसा?

देणारा पैसे देतानाच त्यातून ठरावीक कर कापून सरकारात भरतो. यालाच टीडीएस म्हणतात. घेणाऱ्याला वर्षअखेर कर लागणार आहे की नाही हे देणाऱ्याने पाहावयाचे नसते. त्याने फक्त कापावयाचे आणि भरावयाचे.

पहिला प्रकार बँकेतील ठेवींचा. १ जून २०१५ पासून सहकारी बँकांनाही सभासदांच्या मुदतठेवीच्या व्याजातून ही कपात करावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले, तर कपात होते. साठ वर्षांवरील ज्येष्ठांना ही मर्यादा १,००,००० रुपये आहे. पॅन दिलेला असेल तर शेकडा १० आणि दिलेला नसेल तर शेकडा २० या दराने पैसे कापले जातात.

दुसरा प्रकार खुद्द सहकारी संस्थेकडील ठेवींचा. संस्था आपल्या सभासदाला व्याज देते तेव्हा कपात नसे. परंतु २०२० च्या दुरुस्तीने, ज्या संस्थेची आदल्या वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या वर आहे तिला वरील मर्यादेपलीकडच्या व्याजावर कपात करणे भाग पडले. साखर कारखान्याची उलाढाल पाहता बहुतेक कारखाने यात येतात. कारखान्याने व्याजातून रक्कम का कापली, असे विचारणाऱ्या सभासदांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रकार तोडणी-वाहतुकीचा. ठेकेदार व्यक्ती असेल तर बिलातून शेकडा १ कपात होते. माल वाहतुकीचा धंदा करणाऱ्याकडे दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असतील आणि त्याने तसे लेखी देऊन पॅन दिला असेल, तर वाहतुकीच्या बिलातून कपात होत नाही. पण हे लिहून देणे राहून जाते आणि मग कपात होते.

चौथा प्रकार पगाराचा. तो कामगार बंधूंना ठाऊकच आहे.

परतावा मागण्याचा अर्ज कोणता?

वेगळा अर्ज नाही. आयकराचे विवरणपत्र, म्हणजे ज्याला आपण 'रिटर्न' म्हणतो, तेच मागणीपत्र. रिटर्न भरले नाही तर परतावा नाही, मग कपात कितीही झालेली असो. "माझं उत्पन्न करपात्रच न्हाई, मग रिटर्न कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. करपात्र नाही म्हणूनच तर भरावयाचे. नाहीतर खात्याला कळणार कसे?

एक उदाहरण घेऊ. एका सभासदाने बँकेत ८ लाख रुपये शेकडा ७ दराने ठेवले. वर्षाचे व्याज ५६,००० रुपये झाले. ते ५०,००० च्या वर असल्याने बँकेने ५,६०० रुपये कापले. उसाचे निव्वळ उत्पन्न ४ लाख आहे, पण ते करमुक्त. शेतीबाहेरचे उत्पन्न फक्त ५६,००० असल्याने कर शून्य. म्हणजे कापलेले सगळेच्या सगळे ५,६०० रुपये परत मिळावयास हवेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी शेतीबाहेरचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले, तर कराचा दर ठरविण्यासाठी शेतीचे उत्पन्न हिशेबात धरतात. म्हणून रिटर्नमध्ये उसाचे उत्पन्न दाखवलेच पाहिजे.

दिवस मोजायचे कुठून?

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपल्या तोंडी बसली आहे. या बाबतीत ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. पूर्वी कागदी रिटर्न तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कचेरीत जायचे, अधिकारी ते तपासायचा आणि परताव्याचा धनादेश टपालाने यायचा. १ मार्च २०१९ पासून परतावा थेट बँक खात्यातच जमा होतो. सर्व रिटर्नांची छाननी बंगळूरच्या केंद्रात संगणकावर होते. रिटर्नची छाननी पुरी व्हायला २०१३-१४ साली सरासरी ९३ दिवस लागत आणि २०२३-२४ मध्ये ते १० दिवसांवर आले, असे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकी भाषणात सांगितले होते.

पण सरासरी म्हणजे प्रत्येकाचे तेवढेच नव्हे. उसाची नोंद झाली म्हणजे तोड आली असे होत नाही. नोंद, पाळी, तोड, काटा आणि मग बिल अशा पायऱ्या असतात. परताव्याचेही तसेच आहे.

पहिली पायरी रिटर्न भरण्याची. दुसरी ते पडताळून देण्याची, म्हणजे हे रिटर्न माझेच आहे असे आधारच्या ओटीपीने, नेट बँकिंगने किंवा सही केलेली पोच बंगळूरला पाठवून सांगण्याची. त्यासाठी भरल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. पडताळणी होईपर्यंत रिटर्न छाननीला जातच नाही. ती मुदतीनंतर केली, तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरतात. "दोन महिनं झालं रिटर्न भरून," असे म्हणणाऱ्या पुष्कळांचे रिटर्न या दुसऱ्या पायरीवरच पडलेले असते.

तिसरी पायरी छाननीची. रिटर्नमधील आकडे आणि खात्याकडचे आकडे ताडून पाहिले जातात आणि कलम १४३(१) खालची सूचना ई-मेलवर येते. चौथी पायरी पैसे खात्यात पडण्याची. सारे काही जुळत असेल, तर पडताळणीपासून साधारणतः चार ते पाच आठवड्यांत पैसे येतात असे खातेच सांगते. साध्या रिटर्नांचे पैसे त्याच्या कितीतरी आधीही येतात.

आता कायद्याची बाहेरची मर्यादा पाहू. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत छाननीची सूचना गेली पाहिजे. उदाहरणार्थ, जुलै २०२५ मध्ये रिटर्न भरले, तर ते आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२६ ला संपते आणि खात्याला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. म्हणजे रीत पाच आठवड्यांची असली तरी मुदत दीड वर्षाच्या आसपास जाते. दोन महिने झाले म्हणून घाबरून जाऊ नये. पण काय अडले आहे ते न पाहता नुसते वाट पाहत बसणेही बरे नाही.

कुठे अडते?

ऊस उत्पादकांच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण चुकीच्या फॉर्मची आहे. आयटीआर-१ हा सोपा फॉर्म वर्षाचे शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच चालतो. वाहतूकदारांचा आयटीआर-४ देखील तसाच. ५,००० रुपयांत आपले कुणाचे भागते? तेव्हा ठेवीचे व्याज आणि ऊस असे उत्पन्न असणाऱ्याने आयटीआर-२ आणि वाहतुकीचा धंदा व ऊस असे असणाऱ्याने आयटीआर-३ भरावा. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की खंडाने, बागायत की जिराईत, हेही लिहावे लागते. चुकीचा फॉर्म भरल्यास रिटर्न सदोष ठरते, दुरुस्तीला १५ दिवस मिळतात आणि ते गेले तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाऊ शकते. काही मंडळी सोपा फॉर्म चालावा म्हणून उसाचे उत्पन्न लपवितात. उसाचे बिल बँकेत जमा होते. ते लपत नाही.

दुसरी अडचण आकडे न जुळण्याची. बँकेने कापलेला कर आपल्या पॅनवर जमा दिसला पाहिजे. तो फॉर्म २६-एएस मध्ये दिसतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीचा तपशील देण्यास बँकेला ३१ मेपर्यंत मुदत असते, म्हणून एप्रिलमध्येच घाईने रिटर्न भरले तर शेवटच्या कपातीचे पैसे दिसत नाहीत. साधारणतः १५ जूननंतर बँकेकडून फॉर्म १६-ए घेऊन, २६-एएसशी ताडून मगच रिटर्न भरावे. बँकेने पॅन चुकीचा टाकला असेल, तर दुरुस्ती बँकेनेच करावयाची असते. बंगळूरला कितीही पत्रे लिहून उपयोग नाही.

तिसरी अडचण बँक खात्याची. खाते पोर्टलवर जोडून प्रमाणित करून घ्यावे लागते आणि त्यावर परताव्यासाठीची खूण करावी लागते. पॅनवर 'रामचंद्र' आणि खात्यावर 'रामू' असे असेल तर संगणक ते एकच माणूस आहे असे मानत नाही. कर्जखाते चालत नाही. बँका एकमेकींत विलीन झाल्या की आयएफएससी क्रमांक बदलतात. जुना क्रमांक असेल तर पैसे परत जातात. अशा वेळी पैसे बुडत नाहीत. खाते दुरुस्त करून पोर्टलवर 'रिफंड रीइश्यू'ची विनंती करावी.

चौथी अडचण पॅन-आधार जोडणीची. १ जुलै २०२३ पासून, ज्यांना जोडणी बंधनकारक आहे पण ज्यांनी ती केली नाही त्यांचा पॅन निष्क्रिय झाला. पॅन निष्क्रिय असेतोवर परतावा मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

पाचवी अडचण जुन्या येण्याची. पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या साली तुमच्याकडे कर निघतो अशी नोंद असेल, तर खाते परतावा त्यात वळते करून घेते. तत्पूर्वी नोटीस येते आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. येणे खरे नसेल तर मुदतीत हरकत घ्यावी. गप्प बसणे ही संमती धरली जाते.

आणि या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते. रिटर्न भरून देणारा आपलाच मोबाईल आणि आपलाच ई-मेल टाकून ठेवतो. सूचना, नोटिसा, ओटीपी सगळे त्याच्याकडे जाते आणि सभासद गावात वाट पाहत बसतो. नंबर स्वतःचा किंवा घरातल्या शिकल्या-सवरल्या मुलामुलीचा द्यावा.

'जादा रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

कामगार बंधूंना विशेष सांगणे आहे. परताव्यातला हिस्सा घेऊन, खोट्या देणग्या, खोटे घरभाडे, खोटा विमा दाखवून मोठा रिफंड काढून देणारे लोक फिरतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी अशाच खोट्या वजावटींच्या प्रकरणी तपास केला आणि त्या वर्षी संशयित परतावे अडवून ठेवण्यात आले. खोटे पकडले गेले तर करावर शेकडा २०० पर्यंत दंड होतो. तो एजंटाला नव्हे, ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याला होतो.

तसेच 'तुमचा परतावा मंजूर झाला आहे, येथे दाबा' असे संदेश मोबाईलवर येतात. खाते कधीही एटीएमचा पिन किंवा बँकेचा ओटीपी मागत नाही. असली लिंक उघडू नये.

उशीर झाला तर व्याज मिळते

हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रिटर्न मुदतीत भरले असेल तर मूल्यमापन वर्षाच्या १ एप्रिलपासून परतावा देईपर्यंत दरमहा शेकडा अर्धा टक्का व्याज खात्याने द्यावयाचे असते. महिन्याचा काही भाग असला तरी पूर्ण महिना धरतात. वरच्या उदाहरणात ५,६०० रुपये २० ऑगस्टला मिळाले, तर पाच महिन्यांचे अडीच टक्के, म्हणजे १४० रुपये जादा मिळतील. त्यासाठी मागणी करावी लागत नाही. मात्र परतावा ठरलेल्या कराच्या शेकडा १० पेक्षा कमी असेल तर व्याज नाही. रिटर्न मुदतीनंतर भरले तर व्याज भरल्याच्या दिवसापासूनच. आणि हे व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते, हेही विसरू नये.

मुदत गेली, आता काय?

शेतकरी ठेवीदाराची रिटर्नची तारीख एरवी ३१ जुलै असते. धंदा असणाऱ्यांची तारीख वेगळी असू शकते आणि कधी मुदतवाढही होते. २०२५ साली ती वाढून १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते आणि परतावाही मागता येतो. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्याच्या मूळ विधेयकात उशिराच्या रिटर्नवर परतावा नाकारणारी तरतूद होती, ती कायदा मंजूर होण्यापूर्वी काढून टाकण्यात आली. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे. या लेखातील कलमे जुन्या कायद्यातील आहेत.

डिसेंबरही गेला तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार मूल्यमापन वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो. उशिराचे खरे कारण द्यावे लागते. आजारपण, घरातील मृत्यू अशा कारणांचे कागद जोडावेत. अशा परताव्यावर व्याज मात्र मिळत नाही.

सभासद मयत झाला असेल तर त्याचा परतावा बुडत नाही. वारसाने पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करून रिटर्न भरावे.

कारखान्यांनाही थांबावे लागले

परताव्याची वाट पाहणे आपल्या सहकारी चळवळीला नवीन नाही. कारखान्यांनी उसाला सरकारी किमान दरापेक्षा जास्त दिलेला भाव म्हणजे खर्च नव्हे, नफ्याची वाटणी आहे, असे धरून आयकर खात्याने वर्षानुवर्षे कारखान्यांवर कर आकारला. प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरविलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतचा ऊसभाव खर्च म्हणून मान्य झाला, पण तो मूल्यमापन वर्ष २०१६-१७ पासून पुढे. त्याआधीच्या वर्षांसाठी दिलासा २०२३ च्या अंदाजपत्रकात मिळाला. तो सुमारे १०,००० कोटी रुपयांचा असेल असे त्या वेळी सांगण्यात आले. तोही आपोआप मिळाला नाही. कारखान्यांना वर्षवार हिशेब लावून खात्याकडे अर्ज करावे लागले. ज्याचे जुने कागद जागेवर होते त्याचे काम सोपे झाले. एकट्या सभासदालाही हाच धडा आहे.

सभासदांनी एवढे करावे

१. वर्षाच्या सुरुवातीलाच, कर लागणार नसेल तर कपात न करण्याचे घोषणापत्र प्रत्येक बँकेत द्यावे. जुन्या कायद्यात हे फॉर्म १५-जी आणि ज्येष्ठांसाठी १५-एच म्हणून ओळखले जात. नव्या कायद्यातील फॉर्मचा क्रमांक बँकेत विचारावा. कपातच झाली नाही तर परताव्याची वाट पाहण्याची वेळच येत नाही.

२. वाहतूकदारांनी गाड्यांचे लेखी निवेदन आणि पॅन हंगामापूर्वीच द्यावा.

३. पॅन, आधार आणि बँक खाते या तिन्हींवरील नाव एकसारखे करून घ्यावे.

४. २६-एएस पाहूनच, योग्य फॉर्मवर, मुदतीत रिटर्न भरावे आणि त्याच दिवशी पडताळणी करावी.

५. पाच आठवडे झाले की पोर्टलवर स्थिती पाहावी. सूचना आली असेल आणि रक्कम कमी असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागावी. काहीच हालचाल नसेल तर पोर्टलवरच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

६. रिटर्नची पोच, १६-ए, सूचना हे कागद ऊसबिलाच्या पावत्यांसारखेच एका पिशवीत जपून ठेवावेत.

परतावा म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. तो आपल्याच घामाचा पैसा आहे आणि तो व्याजासह परत देण्याचे कायद्याने मान्य केलेले आहे. मात्र आपल्या बाजूचे कागद चोख असले तरच तो वेळेवर येतो. तरी सर्व सभासदांनी व कामगार बंधूंनी याची नोंद घ्यावी आणि ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्या-पाजाऱ्यांनाही ही माहिती वाचून दाखवावी, ही नम्र विनंती.